अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि दाराबाहेरची आई

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला वैद्यकशास्त्र अकाली जन्मलेले मानते, आणि २०२० मध्ये जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांच्या शुश्रूषेचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मात्र बाळ रुग्णालयाच्या कक्षात असताना आईने कुठे थांबायचे, या प्रश्नाचे उत्तरही या इतिहासात वारंवार बदलत गेले, आणि दर वेळी ते सुधारलेच असे म्हणता येत नाही.

पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयातील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निये यांनी १८८० च्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि तशीच एक पेटी बाळांसाठी करून घेतली. तिच्या तळाशी गरम पाण्याची सोय होती आणि उबदार हवा वरच्या कप्प्यात, जिथे बाळे ठेवलेली असत, तिथे चढत असे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसते आणि वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा उघडा भाग मोठा असतो, त्यामुळे ते पाहता पाहता गार पडते. एवढी एकच अडचण दूर झाल्यावर त्या रुग्णालयात २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमधील मृत्यूंचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. तार्निये यांचे शिष्य प्येर ब्यूदँ यांच्या नजरेस मात्र वेगळीच गोष्ट आली: ज्या आयांना बाळाला पाजता वा जोजवता येत नव्हते, त्यांची बाळाविषयीची ओढ हळूहळू कमी होत होती. म्हणून आईचे दूध आणि आईची उपस्थिती हा उपचाराचाच भाग आहे, असा आग्रह त्यांनी धरला.

हा आग्रह पुढे टिकला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णालयांमध्ये अशा बाळांचे स्वतंत्र कक्ष उभे राहिले आणि त्यांची दारे पालकांना बंद झाली. त्यामागची संसर्गाची भीती अनाठायी नव्हती, कारण प्रतिजैविके हाती येण्याआधी जुलाबाची एक साथ अख्खा कक्ष रिकामा करू शकत असे. तरीही बाळ घरी सोडेपर्यंत आईवडिलांनी त्याला केवळ खिडकीच्या काचेतून पाहायचे, हा नियम कारण उरले नाही तेव्हाही अनेक वर्षे चालू राहिला. त्याच काळात मार्टिन कूनी नावाचे गृहस्थ न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणी १९०३ ते १९४३ पर्यंत पेटीतली बाळे तिकीट लावून दाखवत होते! आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण तिकिटांच्या पैशांतून बाळांची शुश्रूषा होई आणि पालकांना एक पैसाही द्यावा लागत नसे, हेही खरे आहे.

पुढची प्रगती सरळ रेषेत झाली नाही. १९४० च्या दशकात अशा बाळांना सढळ हाताने प्राणवायू दिला जाऊ लागला आणि जगभरात सुमारे १०,००० बाळांची दृष्टी गेली. १९५३-५४ मधील बहुकेंद्री चाचणीने दोष प्राणवायूच्या अतिरेकाचा असल्याचे दाखवल्यावर तो इतका आखडता घेतला गेला की श्वासाअभावी मृत्यू वाढले. फुप्फुसातील वायुकोश मिटू न देणारा सर्फॅक्टंट हा द्रव या बाळांत कमी असतो, हे मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये सांगितले. मुदतपूर्व प्रसूतीची चिन्हे दिसताच आईला बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व करणारे स्टेरॉइड हे औषध देण्याचा लाभ १९७२ मध्ये लिगिन्स आणि हाउई यांनी सिद्ध केला.

दार किलकिले झाले ते १९७० च्या आसपास. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे आयांना कक्षात येऊन बाळाला हात लावू दिला गेला आणि त्यामुळे संसर्ग वाढला नाही. मोठे वळण मात्र टंचाईतून आले. १९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोता शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या आणि एकेका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत होती. तेव्हा डॉ. एदगार रेय यांनी बाळाला आईच्या छातीशीच बांधण्याची पद्धत सुरू केली. बाळाच्या अंगात फक्त लंगोट आणि टोपी. ते आईच्या दोन्ही स्तनांच्या मधोमध उभे, मान एका बाजूला वळवलेली, पाय बेडकासारखे दुमडलेले, आणि वरून कापडाचा घट्ट पट्टा. हीच ती कांगारू मदर केअर.

ही पद्धत बराच काळ गरिबांची तडजोड समजली गेली आणि बाळ स्थिर झाल्यावरच ती सुरू करावी, असा रिवाज पडला. हा रिवाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने मोडला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांमध्ये ही पद्धत जन्मानंतर लगेच सुरू केल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांऐवजी १२ टक्के राहिले. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागाच्या आत टाकावी लागली, आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची तपासणी करायला प्रसूती विभागातील डॉक्टर-परिचारिकांना बाळांच्या कक्षात यावे लागले.