गेदराचं काळं मांस आणि कोमट रक्त

पहाटे अंधारातच पोर्ट ब्लेअर सोडलं. गावाचं नाव आता श्रीविजयपुरम झालंय, पण बोटीवर सगळे अजून जुनंच नाव घेतात. ऊन चढायच्या बेताला ईशान्येकडे बॅरन बेटाचा राखाडी माथा दिसायला लागला. भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. पाण्याच्या वर दिसतो तो जेमतेम साडेतीनशे मीटर, पण समुद्रतळापासून मोजला तर दोन किलोमीटरांहून उंच डोंगर आहे. अशा बुडालेल्या डोंगराच्या कडांना लहान मासे जमतात आणि त्यांच्यामागे मोठे येतात.

आमच्याकडे दोनच हत्यारं होती, पॉपर आणि जिग. पॉपर म्हणजे लाकडाचा किंवा प्लास्टिकचा वीतभर खोटा मासा, तोंडाशी वाटीसारखा खोलगट. रॉडला झटका दिला की ती वाटी पाण्याला धडकते, सोबत हवा ओढून घेते आणि ‘भळक्’ असा जाड आवाज होतो. जिग म्हणजे शिशाची लांबट पट्टी, दोन-तीनशे ग्रॅमची. ती ऐंशी-शंभर मीटर खाली सोडायची आणि हिसके देत वर ओढायची. घायाळ मासा धडपडत पळतोय असं खालच्या शिकाऱ्याला वाटलं पाहिजे.

निघताना एका सोबत्याच्या डब्यातली केळी धक्क्यावरच काढून ठेवायला लावली होती. केळं बोटीवर आलं की मासा लागत नाही, ही समजूत जगभरच्या गळकऱ्यांमध्ये आहे आणि शिकलेली माणसंही ती पाळतात. मला याचा मनापासून राग येतो. बोटीवरच्या डब्यात काय आहे हे माशाला कळायला काही मार्गच नाही. त्याला कळतो तो आवाज. यलोफिन ट्यूना साधारण 50 ते 1,100 हर्ट्झ एवढ्या पट्ट्यातला आवाज ऐकतो, म्हणजे पॉपरची ती जाड ‘भळक्’ त्याच्या कानाला अगदी जवळची. मासा का आला याचं उत्तर तिथे शोधायला हवं.

साडेनऊच्या सुमाराला पॉपरवर यलोफिन लागला. यलोफिन म्हणजे आपल्याकडचा मोठा कुपा, पिवळ्या परांचा. पंचवीस मिनिटं त्याने दम काढला. पुढे तासाभरात जिगवर, खोलातून, डॉगटूथ ट्यूना आला, सुळ्यांसारखे दात असलेला. खायला हे दोनच ठेवायचे, बाकी सोडून द्यायचे असं आधीच ठरलं होतं. दोघांचं रक्त लगेच काढायचं होतं, म्हणून सुरी लागली, आणि त्या निमित्ताने माझी बोटं दोघांच्याही मांसात गेली. डॉगटूथचं मांस समुद्राच्या पाण्याइतकंच थंड होतं. यलोफिनच्या आत ऊब होती. आजारी मुलाच्या कपाळाला हात लावल्यावर जाणवते तशी.

शाळेत आपण शिकलो की मासे शीतरक्ताचे प्राणी. परीक्षेत लिहायला ठीक आहे, पण खऱ्या ट्यूनांच्या बाबतीत ते चूक आहे, आणि हे आज कळलेलं नाही. जॉन डेव्ही हा ब्रिटिश लष्करातला डॉक्टर, खाणकामगारांचा सुरक्षा-दिवा करणाऱ्या हम्फ्री डेव्हीचा धाकटा भाऊ. श्रीलंकेतही त्याने नोकरी केली होती. 1835 साली त्याने नोंद प्रसिद्ध केली की समुद्राचं पाणी 80.5 अंश फॅरनहाइट असताना बोनिटोच्या, म्हणजे आज ज्याला स्किपजॅक म्हणतात त्या ट्यूनाच्या, आतलं तापमान 99 अंश भरलं. आपल्या मापात पाणी 27 आणि मासा 37. दहा अंशांचा फरक! ही ऊब मासा टिकवतो कशी, हे नीट मोजून दाखवायला मात्र 1966 उजाडलं. अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या सागरसंशोधन संस्थेच्या फ्रँक केरी आणि जॉन टील यांनी ते केलं.

अडचण कुठे आहे ती आधी बघू. स्नायू चालला की उष्णता तयार होते, आपल्याही आणि माशाच्याही. पण माशाला प्राणवायू पाण्यातून घ्यावा लागतो आणि पाण्यात तो फार थोडा असतो. एक लिटर हवेत दोनशे मिलिलिटरहून जास्त प्राणवायू, तर उबदार समुद्राच्या लिटरभर पाण्यात पाचही मिलिलिटर नाही. म्हणून कल्ल्यांमध्ये रक्त आणि पाणी यांच्यातला पडदा अतिशय पातळ ठेवावा लागतो, आणि भरपूर पाणी त्यावरून जावं लागतं. ट्यूना तर थांबूच शकत नाही. कल्ल्यांवर पाणी ढकलायचा पंप त्याच्याकडे नाही, तोंड उघडं ठेवून पोहत राहिला तरच श्वास. आता हेच पाणी, आकारमानाला आकारमान धरलं तर, हवेच्या सुमारे 3,500 पट उष्णता पोटात घेतं. म्हणजे रक्ताचा प्रत्येक थेंब कल्ल्यातून गेला की पाण्याइतका गार होऊनच बाहेर पडणार. स्नायूने कमावलेली ऊब दर फेरीला समुद्राच्या स्वाधीन. सुरमई, बांगडा हे ट्यूनाच्याच कुळातले, पण त्यांचं असंच होतं. डॉगटूथचंही. नावात ट्यूना असला तरी तो आज ज्यांना बोनिटो म्हणतात त्यांच्या शाखेतला आहे (डेव्हीचा बोनिटो वेगळा), खऱ्या ट्यूनांच्या नव्हे.

खऱ्या ट्यूनाने यावर जी युक्ती काढली आहे तिच्यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

स्नायूकडे गार रक्त नेणाऱ्या धमन्या आणि स्नायूकडून गरम रक्त परत आणणाऱ्या शिरा, यांचे शेकडो बारीक फाटे होतात आणि ते एकमेकांना खेटून, एकाआड एक, जुडीसारखे बांधले जातात. शरीरशास्त्राच्या लॅटिनमध्ये याला रेटे मिराबिले म्हणतात, म्हणजे अद्भुत जाळं. यातली खुबी अशी की दोन्ही रक्तं विरुद्ध दिशांनी वाहतात.

समजा पाणी 28 अंश आहे आणि स्नायू 35 अंश. दोन्ही नळ्या एकाच दिशेने वाहत असत्या, तर 28 आणि 35 शेजारी शेजारी चालत मध्यावर, साडेएकतीसवर, एक झाले असते. पुढे फरकच उरत नाही, म्हणून देवाणघेवाण बंद. अर्धी ऊब गेली. आता एक नळी उलटी करा. स्नायूतून निघालेलं 35 अंशांचं रक्त जाळ्यात शिरतं तिथे शेजारी असतं जवळजवळ तापत आलेलं, 34 अंशांचं धमनीतलं रक्त. ते थोडी ऊब घेऊन जातं. थोडं पुढे शिरेतलं रक्त 32 वर आलेलं असतं, तर शेजारची धमनी 31 वर. अगदी टोकाला शिरेत 29, धमनीत 28. वाटेत कुठेही मोठा फरक नाही, पण फरक संपतही नाही. प्रत्येक पावलावर थोडी थोडी ऊब पलीकडे जात राहते. शेवटी धमनीतलं रक्त 34 होऊन स्नायूत पोचतं आणि शिरेतलं रक्त कल्ल्याकडे जाताना समुद्रापेक्षा जेमतेम एक अंशाने गरम असतं. सातपैकी सहा अंश घरातच राहिले.

दूध संघाच्या पाश्चरायझेशन प्लांटमध्ये हेच चालतं. तापवलेलं दूध आणि येणारं गार दूध पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी उलट दिशांनी खेळवतात. एक आयतं गार होतं, दुसरं आयतं तापतं, इंधन वाचतं.

इथे एक शंका यायला हवी. धमनीतल्या रक्तात प्राणवायू भरपूर आणि शेजारच्या शिरेत कमी. मग उष्णतेबरोबर प्राणवायूही पलीकडे गळून जात नाही का? तसं झालं तर स्नायू गरम राहील आणि गुदमरेल. याचं उत्तर नळीच्या जाडीत आहे. उष्णता ऊतींमधून पसरते ती प्राणवायूच्या सुमारे 70 पट वेगाने. जाळ्यातल्या नळ्या केशवाहिन्यांइतक्या बारीक नाहीत, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास आहेत आणि त्यांना भिंत आहे. रक्त त्यांतून जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात उष्णता भिंत ओलांडते, प्राणवायूला तेवढी सवड मिळत नाही. याच माशांच्या जगात दुसरं एक जाळं आहे, माशाला तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशवीला वायू पुरवणारं. तिथे वायूच अडवून ठेवायचा असतो, आणि तिथल्या नळ्या खरोखर केशवाहिन्या आहेत. आराखडा तोच, नळीची जाडी बदलली की काम बदललं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

आणखी एक गुंता उरतो. रक्त गरम होताना हिमोग्लोबिनची प्राणवायूवरची पकड सहसा ढिली पडते. जाळ्यात रक्त काही क्षणांत सहा अंशांनी तापतं, तिथेच प्राणवायू सुटला तर वाया. ब्लूफिन ट्यूनाच्या हिमोग्लोबिनवर तापमानाचा परिणाम जवळजवळ होतच नाही. हृदय मात्र या योजनेच्या बाहेर राहिलं. त्याला मिळतं ते कल्ल्यांकडून थेट आलेलं, पाण्याइतकं गार रक्त. म्हणूनच यलोफिन पृष्ठभागापेक्षा आठ अंशांहून जास्त गार पाण्यात क्वचितच उतरतो. पाय गरम असून उपयोग नाही, इंजिन गारठतं. बिगआय ट्यूना दिवसा तीनशे मीटरखाली शिकार करतो, पण मधूनमधून वर येऊन तापून जातो. वर येताना तो ही उष्णता अडवणारी व्यवस्था जवळजवळ बाजूला सारतो आणि खाली जाताना पुन्हा चालू करतो. 1992 मध्ये हवाईजवळच्या माशांवर उपकरणं लावून हे दाखवलं गेलं.

कोकणातल्या स्वयंपाकघरात हे सगळं डोळ्यांनी बघता येतं. बांगडा आडवा कापा. काळपट मांसाची पट्टी कातडीखाली, दोन्ही कुशींना दिसेल. मग गेदर, म्हणजे आपल्याकडचा छोटा ट्यूना, आडवा कापा. तेच काळं मांस आत, कण्याला लागून दिसेल. हाच सतत पोहणारा तांबडा स्नायू, ऊब तयार करणारी भट्टी. बांगड्याने ती भिंतीबाहेर ठेवली आहे, गेदराने माजघरात. गेदर आणि स्किपजॅक यांचं मोठं जाळं कण्याच्या खालीच असतं, मोठ्या ब्लूफिनमध्ये ते कुशींकडे असतं. बऱ्याच घरांत हा काळा भाग ‘रक्त साकळलंय’ म्हणून काढून टाकतात. ते साकळलेलं रक्त नाही. तो तांबडेपणा मायोग्लोबिनचा, म्हणजे स्नायूत प्राणवायू धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा आहे.

‘गेदर उष्ण, खाल्ला की अंगावर पित्त उठतं’ असंही आजी-मावश्या सांगतात. पित्त उठतं हे निरीक्षण खरं आहे, कारण चुकलं आहे. ट्यूनाच्या पांढऱ्या स्नायूत हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. झपाट्याने पळताना तयार होणारं आम्ल ते सावरून धरतं, वेगाची ती किंमत आहे. मासा मेल्यावर उन्हात राहिला तर जिवाणू त्याच हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, गांध्या उठतात, डोकं ठणकतं. दोष माशाच्या प्रकृतीचा नाही, बर्फ न घातल्याचा आहे. आणि उबदार मासा हा उन्हाआधीच आतून तापलेला असतो, त्यात पंचवीस मिनिटांची झुंज. मांस फिकट आणि पिठूळ होण्याचं, व्यापारी ज्याला जळकं म्हणतात त्याचं, एक कारण हेही आहे.

बोटीवरच्या पोराने यलोफिनला जिथे चीर दिली ती जागा मी मुद्दाम विचारून घेतली. छातीच्या परामागे चार बोटं, दोन्ही बाजूंना, फार खोल नाही. बापाने शिकवलं, एवढंच त्याला माहीत होतं. ती चीर बरोबर त्या धमनीवर पडते जी यलोफिनच्या कुशीतल्या जाळ्याला रक्त पुरवते. रक्त धारेने आलं, मग मासा बर्फ कालवलेल्या समुद्राच्या पाण्यात डोक्यापासून शेपटीपर्यंत बुडवला.

दोन तासांनी पेटी उघडली. डॉगटूथ आरपार गार झाला होता. यलोफिनची कातडी बर्फासारखी झालेली, पण कण्याजवळ बोट घातलं तर तिथे अजून ऊब होती. पोराने झाकण लावून वर आणखी बर्फ ओतला.