वर्षातून एक रात्र सगळे गुन्हे माफ, ही आयडिया आली कुठून?

'द पर्ज' पाहिला की आमच्या इकडच्या पोरांचा प्रश्न ठरलेला, असं खरंच होऊ शकते का बाप्पा? २०१३ चा पिक्चर, जेम्स डिमोनॅकोचा, बजेट ३० लाख डॉलर म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबानं चिल्लर, म्हणून जवळपास सगळी गोष्ट एकाच घरात. २१ मार्चच्या संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत खूनसुद्धा माफ, पोलीस-दवाखाने बंद, आणि त्यामुळे म्हणे वर्षभर शांतता अन् बेरोजगारी फक्त १ टक्का. कसं काय? ते कोणी सांगतच नाही. डिमोनॅकोला हे सुचलं ते रस्त्यावरच्या एका भांडणातून, गाडीवाल्याशी वाजलं आणि बायको रागात बोलून गेली की वर्षातून एक खून फुकट मिळायला पाहिजे होता.

पण आयडिया त्याच्याही लय आधीची. १९६७ च्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका भागात संध्याकाळी सहाचे ठोके पडले की अख्खं गाव पिसाळते, सकाळी सहाला चिडीचूप. त्याच्याही आधी १९५३ मध्ये रॉबर्ट शेकलीची एक कथा आली, त्यात खुनाचा सरकारी परवाना मिळतो, अट एकच, पुढच्या वेळी सावज तुम्ही. युद्धं होऊ नयेत म्हणून लोकांचा राग असा बाहेर काढायचा, आणि त्यासाठी एक वेगळं खातंच.

खरा जुना दाखला मात्र प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाचा. जुना ग्रीक लेखक प्लुटार्क ॲरिस्टॉटलच्या हवाल्यानं लिहितो की तिथले वरचे अधिकारी दरवर्षी पदावर बसले की हेलट लोकांविरुद्ध युद्ध जाहीर करायचे, म्हणजे त्यांना मारलं तर पाप लागू नये. हेलट कोण, तर स्पार्टावाल्यांची शेती कसणारे गुलाम. तरणी पोरं खंजीर घेऊन रात्री निघायची. यानं गुन्हे कमी होतील असं तिथं कोणी म्हणत नव्हतं, राबणाऱ्यानं दबून राहावं एवढाच मतलब, त्यामुळे मले तर स्पार्टाचा हिशोब क्रूर असला तरी पटते, पिक्चरचा पटत नाही. राग एकदा ओकला की माणूस थंड होते हे मधेच घुसलेलं खूळ आहे. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानं कॉलेजच्या पोरांवर प्रयोग केला, ज्यांनी राग आणणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर बुक्के मारले ते उलट जास्त चिडले, गुपचूप बसलेले कमी.

आपल्याकडचं उदाहरण पाहायचं तर वरुडच्या पुढं, मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याची गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा, एकीकडून पांढुर्णा दुसरीकडून सावरगाव, आणि दिवसभर गोटे. लोक मेलेत, दरवर्षी शेकड्यानं फुटतात, प्रशासनानं रबरी बॉल देऊन पाहिले, जमावबंदी लावली, तरी थांबत नाही. पण तिथंही पोलीस, डॉक्टर, ॲम्ब्युलन्स उभे असतात, झेंडा तुटला की खेळ संपला. मोकळीक द्यायची तर बंदोबस्त वाढवावा लागते, पिक्चरवाले तोच काढून घेतात.

आणि सगळे गुन्हे माफ म्हटल्यावर सगळे खूनच काहून करतील? आमच्या गावात तशी रात्र आली तर अर्धे लोक ट्रॅक्टर घेऊन शेताचा धुरा, म्हणजे बांध, सरकवायला निघतील, पांदण नांगरून टाकतील, सावकार कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठे घेत बसेल. खून एखादा होईल, तोही धुऱ्यावरूनच.

'पर्ज'च्या सिरीजवाल्यांनाही हे कळलं असावं. २०१८ च्या भागात पहिल्या प्रयोगाची गोष्ट आहे, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर लोकांना थांबायचे ५००० डॉलर देतात आणि बहुतेक जण रस्त्यावर पार्ट्या करत नाचतात, मग आकडे दाखवायला सरकारच भाड्याचे मारेकरी पाठवते. २०२१ च्या भागात तर सकाळचे सात वाजून गेले तरी मारणारे थांबत नाहीत, आणि पाचही पिक्चरमध्ये मले पटलेल्या गोष्टी एवढ्या दोनच.