अवयव माहीत नाही, तरी संख्या संयुक्त: फर्मा संख्यांची पार्श्वभूमी

पुण्यात गणित ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांसमोर हे गणित कधी ना कधी येतंच: २^३२ + १ ला ६४१ ने नि:शेष भाग जातो, हे प्रत्यक्ष भागाकार न करता दाखवा.

उत्तर चार ओळींचं आहे. ६४१ = ५ × २^७ + १, म्हणून ६४१ ने भागल्यावर ५ × २^७ ची बाकी −१ (म्हणजे ६४०). चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. पण ६४१ = ५^४ + २^४ असंही लिहिता येतं, त्यामुळे ५^४ च्या जागी −२^४ चालतं. मग −२^३२ ची बाकी १ येते, म्हणजे २^३२ + १ ची शून्य.

देखणी सिद्धता आहे, पण ६४१ आधीच हातात असेल तरच सुचते.

फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये २^(२^n) + १ या साच्यातल्या सगळ्या संख्या मूळ असाव्यात असं म्हटलं. याच फर्मा संख्या; n व्या संख्येला Fn म्हणतात, जसं n = ५ ची F५. n = ० ते ४ साठी ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मिळतात आणि पाचही मूळ आहेत. n = ५ ला वरचीच २^३२ + १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ येते. ऑयलरने १७३२ मध्ये तिचे अवयव दिले: ६४१ × ६७,००,४१७. तिचा मूळ अवयव ६४k + १ असाच असतो, हेही त्याने पुढे सिद्ध केलं. या साच्यातल्या मूळ संख्या क्रमाने घ्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते!

फर्माचं स्वतःचं छोटं प्रमेय (p मूळ असेल आणि पाया a ला p ने भाग जात नसेल, तर a^(p−१) ला p ने भागल्यावर बाकी १ येते) इथे कामी येत नाही. २ हा पाया घेतला तर प्रत्येक फर्मा संख्या त्या कसोटीत पास होते, मूळ असो वा संयुक्त. म्हणून फ्रेंच गणिती पेपँने १८७७ मध्ये वेगळा पाया घेऊन नवी कसोटी दिली; आता तिच्यात पाया ३ घेतात. ३ पासून सुरुवात करून वर्ग करत जायचं, दर वर्गानंतर तपासायच्या फर्मा संख्येने भागून बाकीच पुढे न्यायची. F५ साठी असे ३१ वर्ग. शेवटी −१ आलं तर मूळ, नाहीतर संयुक्त. एक्सेलमध्ये करायला जाल तर फसाल: पाचव्या वर्गालाच १,८५,३०,२०,१८,८८,५१,८४१ हा सोळा अंकी आकडा येतो, एक्सेल १५ अंकच दाखवतं, आणि पुढे १९-२० अंकी वर्गांत शेवटचे अंक गळून बाकीच चुकते. पायथॉन या संगणकभाषेत पूर्णांकाला अशी मर्यादा नाही.

या कसोटीत अवयव कुठेच दिसत नाही. ३९ अंकी F७ संयुक्त असल्याचं मोरहेड आणि वेस्टर्न यांनी १९०५ मध्ये ठरवलं. अवयव मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी १९७० मध्ये काढले, लहानातला लहान अवयवच १७ अंकी. १५५ अंकी F९ पूर्ण फुटली १९९० मध्ये, सुमारे ७०० वर्कस्टेशनवर काम वाटून. पुण्यात सी-डॅकचा परम ८००० हा महासंगणक आला तो त्याच्या पुढच्या वर्षी.

F२४ चे अंक ५०,५०,४४६. पानाला २,००० अंक धरले, तर अप्पा बळवंत चौकातून अडीच हजार पानांचा ठोकळा बांधून घ्यावा लागेल. पेपँ कसोटीत या आकाराचे १,६७,७७,२१५ वर्ग. मधे एक बिट जरी चुकला तरी शेवटची बाकी बिघडते, आणि बिघडलेली बाकीही −१ नसल्यामुळे ‘संयुक्त’ असंच सांगते. खरा निकाल आणि चुकीचा निकाल दिसायला सारखेच! म्हणून क्रँडॉल, मेयर आणि पापाडोपुलोस यांनी १९९९ मध्ये दोन स्वतंत्र गणनांच्या मधल्या बाक्या ताडून पाहिल्या, शिवाय निव्वळ पूर्णांकांच्या हिशेबाने तपासल्या.

F१४ संयुक्त ठरली १९६१ मध्ये, पहिला अवयव सापडला २०१० मध्ये. F२० संयुक्त असल्याचं १९८७ पासून माहीत आहे, F२४ चं १९९९ पासून. दोन्हींचा एकही अवयव अजून हाती लागलेला नाही.