हार्ड डिस्कवरील जुन्या ई-मेलची पुनर्प्राप्ती

हार्ड डिस्कवरील जुन्या ई-मेलची पुनर्प्राप्ती : बंद पडलेल्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठून राहिलेला पत्रव्यवहार, पत्ते आणि जोडफाइली पुन्हा वाचता येतील अशा रूपात बाहेर काढण्याची प्रक्रिया. दुरुस्तीच्या दुकानांत ‘डेटा रिकव्हरी’ हाच शब्द चालतो. डिस्कवरचे बाइट हाती येणे आणि पत्र वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी पत्रांच्या बाबतीत त्यांच्यातील अंतर बरेच मोठे असते, म्हणून या नोंदीत अक्षरांचाही विचार केला आहे.

पार्श्वभूमी : जुनी पत्रे केवळ एका घरगुती डिस्कवर का उरली, याचे कारण ‘पॉप’ या नियमावलीत आहे. तिचा पहिला मसुदा १९८४ चा, तिसरी आवृत्ती १९८८ ची आणि तिचे आज प्रमाण मानले जाणारे रूप १९९६ चे. या पद्धतीत संगणक सर्व्हरला जोडला जाई, साठलेली पत्रे उतरवून घेई आणि वेगळी सूचना दिलेली नसेल तर सर्व्हरवरची प्रत पुसून टाकी. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हा जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून होई आणि तासांच्या हिशेबाने विकली जाई. पत्रे उतरवायची, फोन तोडायचा आणि मग निवांत वाचायची, हीच रीत पडली. पत्रे सर्व्हरवरच ठेवणारी ‘आयमॅप’ पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्येच मांडली होती, पण घरगुती वापरात ती बऱ्याच उशिरा आली. साधारणपणे १९९५ ते २००५–०८ या काळातला पत्रव्यवहार त्यामुळे डिस्कवरच सापडण्याची शक्यता अधिक. ब्राउझरमधून वाचलेल्या पत्रांचे डिस्कवर फार तर तात्पुरत्या फाइलींत राहिलेले तुकडे मिळतात.

साठवणीचे प्रकार : सर्वांत जुना आणि पुनर्प्राप्तीला सर्वांत सोयीचा प्रकार ‘एमबॉक्स’. त्याच्या उगमाचा नेमका काळ सांगणे अवघड आहे. युनिक्स या संगणकप्रणालीच्या ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या पहिल्या नियमपुस्तिकेत ‘मेल’ ही आज्ञा आहे, परंतु आज परिचित असलेली मांडणी त्यानंतरच्या काही आवृत्त्यांत स्थिरावली असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. वाचून झालेली पत्रे ज्या फाइलीत जात तिचे नाव एमबॉक्स, त्यावरून पुढे प्रकारालाच ते नाव पडले. सगळी पत्रे एकाखाली एक साध्या मजकुरात लिहिलेली असतात आणि प्रत्येकाचा आरंभ ‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दाने व त्यानंतरच्या एका मोकळ्या जागेने होतो. अडचण अशी की पत्राच्या मजकुरातली एखादी ओळही याच शब्दाने सुरू होऊ शकते. मग तिच्या आरंभी कोनचिन्ह लावण्याची पद्धत आली. ते केवळ ‘फ्रॉम’पुढेच लावायचे, की आधीच कोनचिन्ह असलेल्या ‘फ्रॉम’पुढेही आणखी एक लावायचे, यावर मतभेद होऊन प्रकाराच्या उपशाखा झाल्या. पहिल्या शाखेत मूळ चिन्ह आणि नंतर लावलेले चिन्ह यांत फरक करता येत नाही. दुसरी शाखा, जिच्या नावातील आद्याक्षरे राहुल धेसी यांची आहेत, नेमकी उलट फिरवता येते, म्हणून तीच ग्राह्य धरावी. २००५ मध्ये या प्रकारावर एक अधिकृत टिपण निघाले, पण त्याने उपशाखांचा निकाल लावला नाही. पुनर्प्राप्तीत पत्रांची संख्या कमीजास्त भरते त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

थंडरबर्ड हा ई-मेलचा प्रोग्राम (पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४) याच प्रकारात पत्रे ठेवतो. फाइलीला शेपूट (नावाच्या शेवटी प्रकार दाखवणारी अक्षरे) नसते आणि शेजारी ‘एमएसएफ’ ही सूची असते. सूची बिघडली तर काढून टाकावी, ती पुन्हा तयार होते; पत्रांच्या फाइलीला मात्र हात लावू नये. येथे हटवलेले पत्र लगेच पुसले जात नाही. त्याच्यावर केवळ खूण होते आणि फोल्डर आवळला जाईपर्यंत, म्हणजे हटवलेली पत्रे काढून फाइल लहान केली जाईपर्यंत, मजकूर जागेवर असतो. वर्षानुवर्षे न आवळलेल्या फाइलीत मालकाने केव्हाच टाकून दिलेली पत्रे शाबूत सापडतात. १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी तयार केलेल्या युडोरा या ई-मेल प्रोग्रामची मांडणीही याच घराण्यातली, मात्र जोडफाइली तो पत्रातून काढून वेगळ्या फोल्डरात ठेवतो. तो फोल्डर उतरवायचा राहिला की पत्रे येतात आणि छायाचित्रे जातात.

विंडोज एक्सपीपर्यंत घरोघरी असलेल्या आउटलुक एक्सप्रेस या ई-मेल प्रोग्रामची गोष्ट वेगळी. पाचव्या आवृत्तीपासून त्याचा प्रत्येक फोल्डर म्हणजे एक ‘डीबीएक्स’ फाइल. ती वापरकर्त्याच्या ‘लोकल सेटिंग्ज’ या लपवलेल्या फोल्डरात, लांबलचक क्रमांकाच्या नावाखाली असते. म्हणूनच ‘माय डॉक्युमेंट्स’ उतरवून घेतल्यावर सगळे मिळाले असे समजून डिस्क फॉरमॅट केली जाते आणि पत्रे मागे राहतात. डीबीएक्समध्ये पत्र सलग नसते. ५१२ बाइटांचे तुकडे पाडून प्रत्येकापुढे १६ बाइटांचे शीर्षक लावलेले असते. फाइलीची सूची गेल्यास तुकडे जुळवताना ही शीर्षके वगळावी लागतात, नाहीतर साधा मजकूर कसाबसा वाचता येतो, पण जोडलेली छायाचित्रे उघडत नाहीत. फाइलीची कमाल मर्यादा २ गीगाबाइट आहे. एक्सपीच्या नंतरच्या सुधारणेत आउटलुक एक्सप्रेस शंभर वेळा बंद केल्यावर फोल्डर आवळण्याची विचारणा होई. त्या वेळी वीज गेली किंवा कंटाळून बटण दाबले की इनबॉक्स रिकामा दिसे. अशा वेळी कचरापेटीतील ‘बॅक’ शेपटाच्या फाइली आधी पाहाव्यात. सीडीवर उतरवलेली डीबीएक्स केवळ वाचनयोग्य अशी खूण घेऊन येते. ती खूण काढल्याशिवाय आउटलुक एक्सप्रेस ती उघडत नाही, आणि चांगली फाइल बिघडलेली समजून फेकून दिली जाते.

कार्यालयीन आउटलुकमध्ये सर्व काही एकाच ‘पीएसटी’ फाइलीत असते. २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिलाही २ गीगाबाइटची मर्यादा होती. २००३ पासून नवा प्रकार आला. मजकूर नेहमीच्या मांडणीत ठरावीक तक्त्यानुसार अक्षरबदल करून ठेवलेला असतो. हे खरे कुलूप नव्हे, पण त्यामुळे डिस्कवर सरळ शब्द शोधला तर तो सापडत नाही आणि ‘काहीच उरले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये या प्रकाराची रचना प्रसिद्ध केल्यापासून स्वतंत्र साधनांचे काम सुकर झाले.

डिस्कची अवस्था : ‘कॉम्प्युटर गेला’ म्हणजे डिस्क गेली असे नव्हे. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) उडाला किंवा मदरबोर्ड बसला तर डिस्क धडधाकट असते. ती काढून तिच्या जोडणीप्रमाणे (जुनी रुंद पट्टीची आयडीई किंवा अरुंद साटा) यूएसबी अडॅप्टरवर लावली की काम भागते. विंडोजच्या दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर वापरकर्त्याचा फोल्डर ‘परवानगी नाही’ म्हणतो, तेव्हा मालकी बदलून घेता येते. परंतु विंडोज जोडलेल्या डिस्कवर आपण होऊन काही ना काही लिहितो. म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडणे हा मार्ग निःसंशय चांगला.

डिस्कच आजारी असेल तर प्रत्येक वाचन तिचे आयुष्य कमी करते. वाचनशीर्ष फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. ‘टक-टक’ असा ठरावीक आवाज बहुधा शीर्षाला जागा सापडत नसल्याची खूण असते आणि अशा वेळी वीज तत्काळ तोडावी. डिस्कची स्वपरीक्षण यंत्रणा, म्हणजे ‘स्मार्ट’, पूर्वसूचना देते असा सर्वसाधारण समज आहे. गूगलच्या १ लाखाहून अधिक डिस्कच्या २००७ मधील अभ्यासात मात्र निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांत चार प्रमुख निदर्शकांपैकी एकातही नोंद नव्हती. पहिले काम फाइली शोधण्याचे नव्हे, संपूर्ण डिस्कची सेक्टरवार (एकेका लहान कप्प्यागणिक) प्रत घेण्याचे. त्यासाठी अंतोनिओ दियास दियास यांचे ‘डीडीरेस्क्यू’ हे मुक्त साधन रूढ आहे. ते आधी सुस्थितीतला भाग उचलते, अडलेल्या जागा टिपून ठेवते आणि मग त्यांच्याकडे वळते. काम मध्येच थांबले तरी टिपणावरून पुढे चालू होते. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करावेत.

डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय अजून सांगितला जातो. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरते आणि होते तेही नुकसान वाढते, म्हणून तो वर्ज्य समजावा. सारख्याच मॉडेलचा विद्युत्‌फलक बदलण्याचा उपाय जुन्या डिस्कांत चाले. नंतरच्या बहुतेक डिस्कांत प्रत्येकीची खास माहिती फलकावरील चिपमध्ये असल्याने ती चिपही हलवावी लागते. झाकण उघडण्याचे काम धूळमुक्त खोलीतच करावे. तज्ज्ञांच्या हाती काय साधते याचे उदाहरण म्हणून कोलंबिया अवकाशयानाचा उल्लेख होतो : २००३ च्या अपघातानंतर सापडलेल्या, होरपळलेल्या डिस्कवरून एका प्रयोगाची सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवता आली.

पुसलेल्या मजकुराचा वाद : एकदा वरून लिहिले गेलेले परत मिळते का, यावर दीर्घ चर्चा झाली आहे. ऑकलंड विद्यापीठातील पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये चुंबकीय सूक्ष्मदर्शकाने जुन्या खुणा वाचता येण्याची शक्यता मांडली आणि पक्के पुसण्यासाठी ३५ वेळा लिहिण्याचा क्रम सुचवला. तो क्रम त्या काळच्या विविध संकेतनपद्धती एकत्र धरून केलेला होता. नव्या डिस्कांना तो लागू नाही, असे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले. २००६ मध्ये अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने २००१ नंतरच्या डिस्कांसाठी एकदा लिहिणे पुरेसे ठरवले. क्रेग राइट व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा आधुनिक डिस्कवर एक बिट ओळखण्याची शक्यता नाणेफेकीहून थोडीच अधिक भरली. सलग वाक्य मिळणे त्यातून अशक्यच. हेच मत स्वीकारार्ह आहे.

व्यवहारात प्रश्न वेगळाच असतो : वरून लिहिले गेले आहे का? ‘फॉरमॅट मारला’ एवढ्याने पत्रे जात नाहीत. झटपट फॉरमॅट फक्त नवी अनुक्रमणिका मांडतो. एक्सपीपर्यंतचा पूर्ण फॉरमॅटही सेक्टर तपासतो, पुसत नाही. व्हिस्टापासून तो शून्ये लिहू लागला. खरे नुकसान त्यानंतर नव्याने टाकलेल्या विंडोजने आणि तिच्यावर उतरवलेल्या पुनर्प्राप्तीच्या प्रोग्रामनेच होते. ज्यांना पत्रे हवी असतात त्यांच्याच घाईने ती जातात, याची खंत या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये हटवलेली जागा ‘ट्रिम’ आज्ञेने आतून मोकळी होत असल्याने तेथे आशा फारच कमी.

मराठी पत्रे : सुरुवातीच्या पत्रांत मराठी रोमन लिपीत असे, ती विनासायास वाचता येते. पुढे शिवाजी, किरण, आकृती, पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सीडॅक या सरकारी संगणन संस्थेच्या आयएसएम या प्रणालीतील योगेश, सुरेख अशा फाँटांत पत्रे लिहिली गेली. त्यांत संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असे. फाँट त्यांना देवनागरी मुखवटा चढवी. तो फाँट नसेल तर पत्र निरर्थक चिन्हांची रांग दिसते आणि फाइल बिघडली असे वाटते. ती बिघडलेली नसते. सजवलेल्या मजकुराच्या पत्रात फाँटचे नाव खुणेत लिहिलेले असते, ते आधी पाहावे. साध्या पत्रात पाठवणाऱ्याची इतर पत्रे पाहून अंदाज बांधावा लागतो. म्हणून जुन्या डिस्कवरून पत्रे काढताना तिचा फाँटांचा फोल्डरही अवश्य उतरवून घ्यावा. ही गोष्ट सर्रास विसरली जाते.

युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षरसंकेतनात) रूपांतर म्हणजे केवळ चिन्हाला चिन्ह लावणे नव्हे. फाँटांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात : ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असल्याने दोन्ही उलटवावे लागतात. ‘कीर्ती’चा रफार चुकीच्या अक्षरावर जाणे ही अपुऱ्या रूपांतराची हमखास खूण. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणात उच्चारक्रमच होता, त्यामुळे त्यातील मजकुराचे रूपांतर सोपे. आणखी एक अडचण पत्र डिस्कवर येण्याआधीचीच आहे. काही जुने सर्व्हर प्रत्येक बाइटाचा आठवा बिट कापून टाकत. अशा पत्रातली अक्षरे वाटेतच हरवलेली असतात, डिस्क कितीही चांगली असली तरी ती परत येत नाहीत.

युनिकोडमधील पत्रे डिस्कच्या कच्च्या प्रतीतही शोधता येतात. देवनागरी अक्षराचे तीन बाइट होतात आणि पहिले दोन, षोडशमान लेखनात, ‘ई०, ए४’ किंवा ‘ई०, ए५’ असतात. ‘म’ म्हणजे ‘ई०, ए४, एई’. पत्रात ही मूल्ये अनेकदा बरोबरीच्या चिन्हांसह जशीच्या तशी लिहिलेली दिसतात. बेस-६४ या, बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या संकेतनात तीन बाइटांची चार चिन्हे होतात, तेव्हा ‘४, के, एस’ किंवा ‘४, के, डब्ल्यू’ ही त्रयी दर चार चिन्हांनी आलेली दिसली की तेथे देवनागरी मजकूर आहे असे समजावे. शब्दांमधील मोकळ्या जागेने ही लय सरकते. म्हणून सरकलेली रूपेही शोधात धरावी लागतात.

कायदेशीर बाजू : न्यायालयात सादर करायच्या पत्रांसाठी डिस्कला केवळ वाचनाची जोडणी देऊन प्रत घेणे व तिचे हॅश मूल्य (मजकुरावरून गणिताने काढलेला ओळखक्रमांक) नोंदवणे आवश्यक ठरते. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्याची जागा कलम ६३ ने घेतली असून प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्याचा रकाना आहे.