चांदीचे अब्जांश कण व संसर्गावरील उपचार

चांदी, सोने, तांबे, जस्त यांसारख्या धातूंचे किंवा त्यांच्या ऑक्साइडांचे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण रोगजंतूंविरुद्ध वापरण्याचे प्रयत्न गेली काही दशके चालू आहेत. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, ई. कोलाय हा आतड्यातील जिवाणू सुमारे २,००० नॅनोमीटर लांब असतो.) त्यांत सर्वाधिक काम चांदीवर झाले असून रुग्णाच्या अंगाला प्रत्यक्ष लागली आहे तीही मुख्यतः चांदीच, म्हणून या नोंदीत तिचाच विचार केला आहे. सोन्याच्या कणांचा उपयोग जंतू मारण्यापेक्षा ते ओळखण्याकडे अधिक झाला. घरच्या घरी करायच्या कोविड चाचणीच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ बहुधा त्यांचीच असते.

चांदीचा औषधी वापर जुना आहे. १८८० च्या सुमारास लाइपझिग येथील कार्ल क्रेडे यांनी नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा २ टक्के द्राव घालण्याची पद्धत सुरू केली. आईच्या परम्याचे जंतू प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोळ्यांत शिरून येणारे अंधत्व तिने झपाट्याने घटवले. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन पुढे आणले. भाजलेल्या जखमेवर लावायचे ते पांढरे मलम आजही वापरात आहे. या दोन्ही औषधांत चांदी संयुगाच्या रूपात असते. पण अतिसूक्ष्म कणांचे कलिल (कोलॉइड, म्हणजे कण न विरघळता तरंगत राहणारे) द्रावही अमेरिकेत केरी ली यांनी १८८९ मध्येच तयार केले होते. ‘नॅनो’ हे बिरूद तेवढे अलीकडचे.

कणाच्या पृष्ठभागावरील चांदीचे ऑक्सिडीभवन होऊन विद्युतभारित आयन हळूहळू सुटतात. हे आयन जिवाणूच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटतात, श्वसनाची एंझाइमे निकामी करतात आणि पेशीपटलाला इजा करतात. कण जितका लहान तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा, म्हणून आयनही जास्त. खुद्द कण जंतूला मारतो की केवळ आयन, यावर बराच वाद झाला. २०१२ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑक्सिजन पूर्णपणे वगळून प्रयोग केला. ऑक्सिजन नाही म्हणून आयन सुटले नाहीत, आणि जिवाणूंनाही कणांची फारशी बाधा झाली नाही. तेव्हा कण हे मुख्यतः आयनांचे कोठार समजावे.

कण बनवण्याच्या जैविक पद्धतींत महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सस्त्री व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये व्हर्टिसिलियम या बुरशीकडून चांदीचे कण करवून घेतले. पुढे कडुनिंबाच्या पानांचा अर्क वापरला, तर गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी कण मिळवले. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने बुरशीजन्य कणांवर दीर्घकाळ काम केले. कृती दिसायला सोपी आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या रंगहीन द्रावात पानांचा गाळलेला अर्क मिसळला, की द्राव आधी फिकट पिवळा व मग कोऱ्या चहासारखा तपकिरी होतो. कणांतील मुक्त इलेक्ट्रॉन सुमारे ४०० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, त्यामुळे हा रंग येतो. या सोपेपणामुळेच ‘अमुक वनस्पतीपासून चांदीचे कण’ अशा शोधनिबंधांचे पीक आले. त्यांतील बहुतेकांची मजल जंतू वाढवण्यासाठीच्या आगर या जेलीच्या थाळीत त्यांची वाढ थांबलेले वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजण्यापर्यंतच जाते. थाळीतल्या वर्तुळाला उपचार म्हणता येत नाही.

याचे कारण रक्तात आहे. तेथील क्लोराइडशी संयोग होऊन चांदीचे आयन अविद्राव्य होतात, प्रथिने कणांभोवती थर धरतात आणि उरलेले कण यकृत व प्लीहा यांत अडकतात. म्हणून न्यूमोनिया, टायफॉइड किंवा क्षयावर चांदीचे इंजेक्शन प्रचारात नाही. वापर राहिला तो शरीराच्या पृष्ठभागी वा बाहेर: जखमेच्या पट्ट्या, मूत्रमार्गातील नळ्यांवरील लेप, पाण्याच्या गाळण्या. २००९ मध्ये बाजारात आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ या गाळणीत भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे कण बसवलेले होते. पट्ट्यांबाबतही पुरावा बेताचाच आहे. उपलब्ध वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या समीक्षेला त्यांनी जखमेतील संसर्ग टळतो असे म्हणण्याइतका आधार आढळला नाही. आणि ‘कलिल चांदी’च्या बाटल्या सर्वरोगहर म्हणून इंटरनेटवर विकल्या जातात, त्यांना तर कसलाच आधार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच अशी विनाचिठ्ठी उत्पादने सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत असा नियम केला. दीर्घकाळ चांदी पोटात गेल्यास त्वचा निळसर राखाडी होते (आर्जिरिया) आणि तो रंग सहसा जात नाही.

चांदीला जंतू सरावत नाहीत, हा समजही खरा नाही. सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूची नोंद १९७५ मध्ये बॉस्टनच्या एका जळीत विभागातून झाली. हा गुण वाहणारी जनुके नंतर प्लाझ्मिडवर (जिवाणूतील गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर) सापडली. २०१८ मध्ये चेक संशोधकांनी आणखी एक तऱ्हा दाखवली. चांदीच्या कणांशी वारंवार गाठ पडलेले ई. कोलाय जनुकीय बदलाशिवायच फ्लॅजेलिन हे कशाभिकेचे (जिवाणूच्या पोहण्याच्या शेपटीचे) प्रथिन बाहेर सोडू लागले. त्यामुळे कण एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे झाले व परिणाम ओसरला. कणांवर बहुवारिकांचे (पॉलिमरचे) आवरण चढवूनही फरक पडला नाही. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने फ्लॅजेलिनची निर्मिती रोखल्यावर मात्र कण पुन्हा काम करू लागले.