शहरी वनराई आणि रस्त्याकडची झाडं

शहरी वनराई म्हणजे शहराच्या हद्दीत उरलेला किंवा मुद्दाम राखलेला झाडांचा सलग पट्टा, जिथे खाली डांबर-फरशी नसून माती, पालापाचोळा आणि झुडपं असतात. एकाच जातीचं झाड अशा राईत वेगळं वाढतं आणि फुटपाथच्या चौकोनात वेगळं. यावर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले शहरात बराच अभ्यास झालाय, तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत कीटकशास्त्रज्ञ स्टीव्हन फ्रँक आणि त्यांच्या टीमने केलेला.

रॅलेत रस्त्याकडेला रेड मेपलची झाडं भरपूर, आणि त्यावर ग्लूमी स्केल नावाची खवले कीड पडते. बारीक करडे खवले, लांबून साल नुसती खडबडीत वाटते, नखाने खरवडलं की खाली मऊ किडा. ही कीड मूळची तिथलीच, राईतल्या मेपलवरही असते पण तिथे ती शोधावी लागते, आणि पार्किंगशेजारच्या झाडावर मात्र फांद्याच्या फांद्या भरलेल्या! आता शहरात कीड खाणारे मित्रकीटक कमी म्हणून कीड जास्त, असं कुणालाही वाटेल, पण 2014 च्या संशोधनात मुख्य कारण निघालं उष्णता. गरम जागेतल्या मादीला पिल्लं जास्त होतात, त्यात झाडाला पाण्याचा ताण असेल तर किडीचं आणखीनच फावतं. डांबर दिवसभर तापतं आणि रात्री ती उष्णता सोडत बसतं, त्यामुळे झाडाला रात्रीही आराम नाही.

राईत शेजारच्या झाडांची सावली असते, पानांतून बाष्प निघून हवा गार होते, पाचोळ्याखाली ओल टिकते. म्हणजे फवारणी न करताच किडीचा वेग कमी. अर्थात राईत किडे नसतात असं अजिबात नाही, पानं खाणाऱ्या अळ्या तर रस्त्यापेक्षा तिथेच जास्त सापडल्या, फक्त त्यांना टिपणारे पक्षीही तिथेच जास्त.

मेपल कुठे लावावं हे ठरवायला याच टीमची एक सोपी रीत आहे. झाडाच्या जागेपासून चार तिरक्या दिशांना प्रत्येकी 25 पावलं चालायचं आणि शंभरातली किती पावलं डांबर-फरशीच्या पक्क्या जमिनीवर पडली ते मोजायचं. साधारण एक तृतीयांशापर्यंत असतील तर बिनधास्त लावा, दोन तृतीयांशाच्या वर गेली तर तिथे मेपल नको, उन्हाला काटक असं दुसरं झाड बघा.