बंदुकीच्या नळीतला संगमरवर

बेसाल्ट आणि ग्रॅनाइट कशातून जन्मले, यावर अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात कडाक्याचा वाद चालू होता. जर्मनीतले आब्राहाम वेर्नर सांगत, हे खडक आदिम समुद्राच्या पाण्यातून साकळून तळाशी बसले. स्कॉटलंडचे जेम्स हटन म्हणत, ते तप्त शिलारसातून थिजले. हटन यांच्या विरोधकांचा सवाल बिनतोड वाटे: दगड वितळवून गार केला, तर काच मिळते, खडक कुठे मिळतो?

हटन यांचे मित्र सर जेम्स हॉल यांनी उत्तर भट्टीत शोधलं. निसर्गाचा अवाढव्य कारभार मुशीत तपासता येईल, हे हटन यांना पटत नव्हतं. ते वारल्यानंतर, १७९८ मध्ये हॉल यांनी आपले प्रयोग जाहीर केले. वितळवलेला काळा दगड झटकन निववला की काच होई. सावकाश निवू दिला की पुन्हा स्फटिकांचा दगडच हाती येई.

सगळी मेख वेळेत आहे. रस हळूहळू निवतो तेव्हा अणूंना शिस्तीत रचले जायला सवड मिळते आणि स्फटिक मोठे होतात. जमिनीखाली खोलवर थिजलेल्या ग्रॅनाइटचे दाणे म्हणूनच नुसत्या डोळ्यांना दिसतात. तोच रस पृष्ठभागावर येऊन भरभर निवला, तर बारीक दाण्यांचा रायोलाइट होतो. आणखी घाईत थिजला, तर ऑब्सिडियन ही काच. घटक तेच, दगड तीन. या तिघांत सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, सुमारे ७० टक्के असते. बेसाल्टचा रसच वेगळा: त्यात सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास, आणि लोह व मॅग्नेशियम भरपूर. त्याचा काळपटपणा आणि वजन त्यातूनच येतं.

निवणाऱ्या रसातून खनिजंही एका क्रमाने बाहेर पडतात. ऑलिव्हिन सर्वांत आधी, क्वार्ट्‌झ म्हणजे आपली गारगोटी जवळजवळ शेवटी. मला यातली गंमत पुढे वाटते. उन्हापावसात खनिजं झिजतातही साधारण याच क्रमाने. ऑलिव्हिन लवकर कुजतं, फेल्डस्पारची चिकणमाती होते, आणि गारगोटीचे कण तेवढे तग धरतात. म्हणून बहुतेक वाळूत गारगोटीच जास्त, आणि त्या वाळूचे थर दबून, सिलिका किंवा कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाने सांधले गेले की झालेल्या वालुकाश्मातही तीच. बहुतेक चुनखडी मात्र सागरी जीवांच्या शंखशिंपल्यांतून आलेल्या कॅल्साइटची.

हॉल यांचा दुसरा प्रयोग याच चुनखडीवरचा. उघड्यावर तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो कळीचा चुना. मग उष्णतेने चुनखडीचा संगमरवर झाला, या हटन यांच्या म्हणण्याचं काय? हॉल यांनी खडूची पूड बंदुकीच्या नळीत ठासली, तोंडं घट्ट बंद केली आणि नळी तापवली. वायूला पळायला वाट उरली नाही, आणि आत संगमरवरासारखा स्फटिकमय दगड तयार झाला.

रूपांतरित खडकांची हीच रीत. दगड न वितळता, घन अवस्थेतच, आतली खनिजं नव्याने रचली जातात. मातीपासून बनलेल्या शेल या खडकाची आधी स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, होते. दाब व उष्णता वाढत गेली, तर अभ्रकाने चमकणारा शिस्ट आणि मग पट्ट्यापट्ट्यांचा नाइस हा खडक. अँडाल्युसाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट या तिन्ही खनिजांचं रासायनिक सूत्र एकच. पण पहिलं कमी दाबाखाली बनतं, दुसरं जास्त दाबाखाली आणि तिसरं जास्त तापमानात. खडकात यांपैकी कोणतं सापडतं, यावरून तो कोणत्या दाबातून आणि तापमानातून गेला असावा, याचा अंदाज भूवैज्ञानिक बांधतात.